हा आकडा आला कुठून? बांधकाम तंट्यांच्या क्षेत्रात क्वांटिटी सर्व्हेयरची वाटचाल

सुनावणीचा तिसरा दिवस होता. ठेकेदाराच्या बाजूचे आकडे मांडायला मी बसलो होतो. दाव्याचे खंड अकरा, त्यातला सातवा माझा. लवादांनी एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "टॉवर क्रेन ११२ दिवस बसून होती, असं लिहिलंय. हे ११२ आले कुठून?"

"साइटवरून आलेल्या तक्त्यातून."

"तक्ता कधी केलेला?"

मी पान उलटलं. तक्त्याखालची तारीख काम संपल्यानंतर चौदा महिन्यांची होती. ज्याने तो केला तो इंजिनिअर तोवर नोकरी सोडून गेलेला. क्रेनचं लॉगबुक कुठे आहे, कोणालाच ठाऊक नव्हतं. लवाद काही बोलले नाहीत, समासात पेन्सिलीने एक फुली मारली आणि पुढे गेले. निवाड्यात त्या बाबीपुढे शून्य आलं. क्रेन खरंच बसून होती, मी स्वतः पाहिली होती. पण माझं पाहणं कागदावर नव्हतं.

तंट्याच्या कामात क्वांटिटी सर्व्हेयरला (बांधकामाचं मोजमाप आणि खर्चाचा हिशेब करणारा, थोडक्यात क्यूएस) मेहनताना मिळतो तो या एका प्रश्नाच्या उत्तराचा. कायद्याचा मुद्दा वकील मांडतो, विलंबाचं गणित प्लॅनिंगवाला मांडतो, पण "किती?" या प्रश्नाला उत्तर क्यूएसलाच द्यावं लागतं, आणि लगोलग "कशावरून?" यालाही. मोजमाप, बिलिंग, रेट अ‍ॅनालिसिस करणाऱ्या आणि पुढे दावे, लवाद, तज्ज्ञ साक्ष या बाजूला वळू पाहणाऱ्यांसाठी ती वाट कशी चालायची, हे इथे क्रमाने लिहितो.

आधी नकाशा: या क्षेत्रात बसायच्या जागा

पहिली जागा पक्षकाराच्या शेजारची. ठेकेदार, मालक किंवा उपठेकेदार यांच्यासाठी दावा तयार करायचा किंवा समोरच्याचा दावा तपासायचा. बहुतेकांची सुरुवात इथेच होते. दुसरी जागा तज्ज्ञ साक्षीदाराची. फी पक्षकार देतो, पण बांधिलकी लवादाशी किंवा न्यायालयाशी. तिसरी जागा निर्णय देणाऱ्याची: अ‍ॅडज्युडिकेटर (झटपट, तात्पुरता बंधनकारक निर्णय देणारा), तंटा मंडळाचा सदस्य, लवाद. मध्यस्थी ही चौथी. तिथे निर्णय द्यायचा नसतो, दोघांना एका आकड्याजवळ आणायचं असतं. त्यासाठी लागणारा स्वभाव सगळ्यांकडे नसतो. माझ्याकडे नाही.

या जागा एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत असं लोक समजतात. तसं नाही. उत्तम दावे लिहिणारा माणूस साक्षीदार म्हणून सपशेल पडलेला मी पाहिला आहे, कारण त्याला आपल्या पक्षकाराच्या विरोधात जाणारं एक वाक्यही तोंडातून काढवेना. वाट निवडताना आपला पिंड कोणता हे तपासलेलं बरं.

पहिली पायरी: साइट आणि बिलं, निदान पाच वर्षं

थेट क्लेमच्या कन्सल्टन्सीत जाणारे हुशार तरुण असतात. दोन वर्षांत त्यांना करारातली कलमं तोंडपाठ होतात, पण उलटतपासणीत "शटरिंग किती वेळा फिरवलं धरलंय?" असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आधी साइट.

साइटवर काय शिकायचं? मोजमाप पुस्तकात नोंद कशी होते, खाडाखोडीवर सही का लागते, झाकल्या जाणाऱ्या कामाचं मोजमाप काँक्रीट पडण्याआधी का घ्यायचं, हे हातून व्हायला हवं. एखादं रेट अ‍ॅनालिसिस शून्यापासून करा: साहित्य, वेस्टेज, मजुरी, यंत्र, ओव्हरहेड (कार्यालयासारखे अप्रत्यक्ष खर्च), नफा. अंतिम बिल एकदा तरी शेवटापर्यंत न्या. रनिंग बिलं (काम चालू असतानाची हप्त्याची बिलं) कोणीही करतो. अंतिम बिलात दोन वर्षांपूर्वी "नंतर बघू" म्हणून सोडलेलं सगळं वर येतं, आणि तंट्याचं बी तिथेच असतं.

या काळात एक सवय लावून घ्या, ती पुढे जन्मभर कामाला येते. कोणताही आकडा लिहिलात की त्याच्याशेजारी त्याचं मूळ लिहा: कोणत्या ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन, कोणत्या तारखेचं चलन, हजेरीपटाचं कोणतं पान. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. चार वर्षांनी तोच तक्ता कोणी तुमच्यासमोर धरला की स्वतःचेच आभार मानाल.

सगळ्यात मोलाचे कागद कोणते, असं विचाराल तर माझा क्रम असा: साइट डायरी, रोजची मजूर आणि यंत्रांची नोंद, ड्रॉइंग मिळाल्याचं रजिस्टर, अडथळ्यांची नोंदवही, बैठकीची इतिवृत्तं, तारखेचे फोटो आणि मग पत्रव्यवहार. पत्रं शेवटी ठेवली याचं अनेकांना नवल वाटतं. पत्र लिहिताना माणसाला तंटा दिसत असतो, तो सावध लिहितो. डायरी लिहिणाऱ्याला संध्याकाळी घरी जायचं असतं. तो खरं लिहितो.

दुसरी पायरी: करार मोजपट्टीसारखा वाचायचा

वकील करार वाचतो हक्कासाठी. क्यूएसने तो मुदती आणि टक्के यांच्यासाठी वाचावा. आंतरराष्ट्रीय कामांत फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नमुना करार सर्रास वापरले जातात, म्हणून उदाहरण त्यांचंच घेतो.

१९९९ च्या रेड बुकमध्ये, म्हणजे फिडिकच्या एका नमुना करारात, कलम २०.१ म्हणतं की, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत ठेकेदाराने नोटीस द्यायची. नोटीस चुकली तर मुदतवाढही नाही आणि पैसेही नाहीत. सविस्तर दावा ४२ दिवसांत. २०१७ च्या आवृत्तीत नोटिशीचे २८ दिवस तसेच राहिले, सविस्तर दाव्याची मुदत ८४ दिवस झाली, आणि हे बंधन मालकाच्या दाव्यांनाही लागू झालं. काम सुरू होतानाच या तारखांचा तक्ता करून भिंतीवर लावा. दावा कितीही खरा असो, एकोणतिसाव्या दिवशी दिलेल्या नोटिशीवर अर्धी सुनावणी खर्ची पडते.

आता क्यूएसच्या खास कामाचं कलम, १२.३. बीओक्यूमधल्या (परिमाणं आणि दरांच्या यादीतल्या) बाबीचं परिमाण बदललं तर दर बदलून मिळतो का? तीन चाचण्या एकदम पार व्हाव्या लागतात: परिमाण १० टक्क्यांहून जास्त बदललेलं हवं, तो फरक गुणिले बीओक्यूतला दर ही रक्कम स्वीकृत करार रकमेच्या ०.०१ टक्क्याहून जास्त हवी. आणि परिमाणातल्या या बदलामुळेच एककामागचा खर्च १ टक्क्याहून जास्त बदललेला हवा. शिवाय करारात ती बाब 'ठरलेल्या दराची' म्हणून नोंदवलेली नसावी. पहिल्या दोन चाचण्या बेरीज-वजाबाकीच्या. तिसरीत दावे अडकतात, कारण परिमाण वाढल्याने एककाचा खर्च का वाढला, हे रेट अ‍ॅनालिसिस उघडं करून दाखवावं लागतं. निविदेच्या वेळचं अ‍ॅनालिसिस जपून ठेवलेलं नसेल तर इथे हात बांधलेच.

त्याच कलमातलं ०.०१ नीट बघा. हा शतांश टक्का आहे. एका पक्षाने तो एक टक्का धरून तीसेक बाबी गाळल्या होत्या, आणि समोरच्या क्यूएसच्या ते पाच महिने लक्षात आलं नव्हतं. समोरचा क्यूएस मीच होतो.

तिसरी पायरी: कारण आणि परिणाम यांचा सांधा

मोजमापातून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हे. परिमाण गुणिले दर बरोबर रक्कम, एवढ्यावर आयुष्य गेलेलं असतं. तंट्यात मध्ये एक पायरी वाढते: ही रक्कम त्या घटनेमुळेच वाढली कशावरून?

इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने २००२ मध्ये विलंब आणि व्यत्यय यांविषयीचा प्रोटोकॉल काढला, २०१७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. तो कायदा नाही, करारात लिहिला नसेल तर बंधनकारकही नाही. तरी या क्षेत्रातली माणसं बोलतात ती त्याच्या भाषेत, म्हणून आधी तो वाचा. त्यातला एक मुद्दा इथे उलगडून दाखवतो, कारण नवखे हमखास तिथे घसरतात.

काम लांबलं, तर साइट चालवण्याचा वाढीव खर्च मिळायला हवा. तो कोणत्या महिन्यांचा धरायचा? समजा, करार २४ महिन्यांचा. दहाव्या महिन्यात पायाचं सुधारित ड्रॉइंग अडकलं आणि तीन महिने गेले. काम २७ महिन्यांत संपलं. नवखा क्यूएस शेवटचे तीन महिने घेतो: २५, २६, २७. पण तेव्हा साइटवर कोण होतं? दोन सुपरवायझर, एक स्टोअरकीपर, अर्धं ऑफिस रिकामं. महिन्याचा खर्च समजा १२ एकक. तीन महिन्यांचे ३६. याउलट ड्रॉइंग अडकलं तेव्हा पूर्ण ताफा उभा होता: क्रेन, बॅचिंग प्लांट, पंधरा इंजिनिअर. महिन्याला ४० एकक, तीन महिन्यांचे १२०. प्रोटोकॉल सांगतो की, विलंबाचा परिणाम ज्या काळात जाणवला त्या काळातला खर्च बघा, शेवटी लांबलेल्या काळातला नाही.

इथे ठेकेदाराला ८४ एककांचा फायदा झाला. पण अडथळा पहिल्या महिन्यात आला असता, साइटवर अजून माणसं उतरलीच नसती, तर हाच नियम त्याच्या अंगावर आला असता. दोन्ही वेळी क्यूएसची पद्धत एकच राहिली पाहिजे. पक्षकार बदलला की पद्धत बदलणाऱ्याचे जुने अहवाल समोरचा वकील शोधून काढतो. त्याला त्याचेच पैसे मिळतात.

व्यत्ययाचा हिशेब

काम थांबलं नाही, पण रखडत झालं, याचे पैसे मागायचे तर 'मेजर्ड माइल' ही पद्धत सगळ्यात पटणारी. त्याच साइटवर, त्याच माणसांनी, व्यत्ययाशिवाय केलेलं काम शोधायचं आणि व्यत्यय आलेल्या कामाशी ताडायचं.

समजा, एका इमारतीत गवंड्यामागे दिवसाला १० चौरस मीटर गिलावा झाला आणि तिथे काही अडलं नाही. शेजारच्या इमारतीत विजेचं काम मागे राहिल्याने गवंड्यांना खोल्या तुकड्यातुकड्यांत मिळाल्या. ३००० चौरस मीटरला ४३० गवंडी-दिवस लागले. बिनव्यत्ययाच्या गतीने ३०० लागले असते. फरक १३०. बरेच क्यूएस इथेच थांबून १३० गुणिले मजुरी करतात. पण डायरी उघडा. सिमेंट संपल्यामुळे २५ गवंडी-दिवस वाया गेल्याची नोंद तिथे आहे, आणि सिमेंट आणणं ठेकेदाराचंच काम. ते वजा करा. दावा १०५ चा.

हे २५ स्वतःहून वजा करायला पक्षकार कुरकुरतो. "त्यांना शोधू दे ना," म्हणतो. मी त्यावर एकच सांगतो: त्यांनी शोधले तर उरलेले १०५ देखील संशयाने बघितले जातील.

मुख्य कार्यालयाचा खर्च आणि सूत्रांचा मोह

काम लांबलं की मुख्य कार्यालयाच्या खर्चातला त्या कामाचा वाटा भरून येत नाही, म्हणून सूत्रं आली: हडसन, एम्डेन, आयकली. हडसनमध्ये करारातला ओव्हरहेड-नफ्याचा टक्का घ्यायचा, करार रकमेला कराराच्या कालावधीने भागून येणाऱ्या रकमेवर तो लावायचा आणि विलंबाच्या काळाने गुणायचं. दोष उघड आहे: ज्या रकमेवर टक्का लावतो तिच्यात ओव्हरहेड आणि नफा आधीच आहे. शिवाय तो टक्का निविदेतला, म्हणजे आशेचा. एम्डेन टक्का कंपनीच्या प्रत्यक्ष हिशेबांतून घेतं. आयकली १९६० च्या एका अमेरिकी प्रकरणातून आलं. ते कंपनीच्या एकूण उलाढालीत त्या कामाचा वाटा काढून दिवसाचा दर ठरवतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मॅकडरमॉट प्रकरणात या तिन्ही सूत्रांची दखल घेतली आणि कोणतं वापरायचं हे लवादावर सोडलं.

माझं मत विचाराल तर सूत्र शेवटी. विलंबामुळे कंपनीला दुसरं काम घेता आलं नाही याचा पुरावा आधी हवा: सोडून द्याव्या लागलेल्या निविदा, अडकलेली टीम. तो नसेल तर सूत्र म्हणजे टाय लावलेला अंदाज.

चौथी पायरी: दावा लिहायला शिकणं

दाव्याचा सांगाडा सगळीकडे सारखाच: काय घडलं, करारातल्या कोणत्या कलमाने हक्क मिळतो, नोटीस कधी दिली, वेळेवर परिणाम काय, पैशावर परिणाम काय, आणि पुरावे. क्यूएसला मोह होतो तो पैशापासून सुरुवात करायचा. आधी घटनाक्रम लिहा, तारखांसह, विशेषणांशिवाय. 'अक्षम्य दिरंगाई' वगैरे वकिलांना सोडा. 'ड्रॉइंग १४ मार्चला मागितलं, ९ जूनला मिळालं' एवढं लिहिलं की दिरंगाई वाचणाऱ्याला दिसते.

प्रत्येक घटनेचा खर्च वेगळा दाखवा. सगळ्या अडचणी एकत्र, खर्च वजा उत्पन्न एकत्र, आणि उरलेला तोटा मालकाचा, अशा गोळाबेरीज दाव्याला 'ग्लोबल क्लेम' म्हणतात. इंग्लंडमध्ये २०१२ च्या वॉल्टर लिली प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की, असा दावा मुळातच बाद नाही. पण पुराव्याचा भार दावेदारावरच राहतो, आणि निविदा पुरेशी होती, तोटा दुसऱ्या कशाने झाला नसता, हे त्याला दाखवावं लागतं. निविदेतच दर कमी भरले होते असं निघालं तर मजला खचला समजा.

वाद बाबीबाबींचे असतील तर स्कॉट शेड्यूल करा. बाब, दावेदाराचं म्हणणं आणि रक्कम, समोरच्याचं म्हणणं आणि रक्कम, शेवटचा रकाना लवादासाठी रिकामा. तीनशे बाबींचा गुंता एका तक्त्यात उतरला की निम्म्या बाबींत भांडण दोनपाच टक्क्यांचंच आहे, हे दोघांच्या लक्षात येतं. शेड्यूल भरता भरताच मिटलेली प्रकरणं मला ठाऊक आहेत.

आता पुन्हा ती क्रेन. त्याच सुनावणीत दुपारी समोरच्या वकीलबाईंनी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एकावर क्रेनचं बसून राहण्याचं भाडं, दुसऱ्यावर वाढीव काळातला साइट खर्च. "दुसऱ्या पानावरच्या 'यंत्रसामग्री' या ओळीत काय काय येतं?" मला घाम फुटला. त्यात तीच क्रेन होती, त्याच महिन्यांची. दोन तक्ते दोन जणांनी केले होते आणि मी बेरीज केली होती. त्यानंतर कोणताही दावा बाहेर जाण्याआधी मी एक चौकोनी तक्ता करतो: उभ्या रकान्यांत दाव्याची शीर्षकं, आडव्या ओळींत प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक माणूस. एकाच महिन्यासाठी एका ओळीत दोन खुणा आल्या की काम परत. यासाठी अर्धा दिवस जातो.

पाचवी पायरी: पदव्या आणि ओळख

हे थोडक्यात, कारण माहिती सहज मिळते. क्यूएस म्हणून जगभर चालणारी ओळख म्हणजे १८६८ मध्ये स्थापन झालेल्या आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या ब्रिटिश संस्थेचं सदस्यत्व. त्याची शेवटची मुलाखत तासाभराची असते, त्यातली पहिली दहा मिनिटं तुमच्या सादरीकरणाची. तंट्याच्या बाजूला १९१५ पासूनची सीआयआर्ब ही लवादांची संस्था. तिच्यात असोसिएट, मेंबर, फेलो अशा पातळ्या आहेत आणि लवाद, अ‍ॅडज्युडिकेशन, मध्यस्थी यांचे वेगवेगळे अभ्यासक्रम. बांधकाम कायद्यात पदव्युत्तर अभ्यास करणारे क्यूएस बरेच. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधलं बांधकाम कायदा केंद्र १९८७ पासून इंजिनिअर आणि वकिलांना एकाच वर्गात बसवत आलं आहे.

कायद्याची पदवी घ्यावी का? वकिली करायची नसेल तर पूर्ण पदवीची गरज नाही. करार कायदा, पुरावा आणि लवाद प्रक्रिया एवढं पक्कं हवं. कायद्याची पदवी मिळाली की काही क्यूएस आकडे सोडून कलमांवर बोलू लागतात, आणि मग त्यांना बोलावण्याचं कारणच उरत नाही.

सहावी पायरी: तज्ज्ञ साक्षीदार

इथे भूमिका पालटते. इंग्लंडमधल्या १९९३ च्या 'इकेरियन रीफर' या जहाजाच्या प्रकरणात न्यायाधीशांनी तज्ज्ञाची कर्तव्यं मांडली, आणि आजही जगभर त्यांचाच दाखला दिला जातो. मत स्वतंत्र हवं, खटल्याच्या गरजेने वळवलेलं नको. ज्या गृहीतकांवर ते उभं आहे ती सांगायची, विरुद्ध जाणारी तथ्यं लपवायची नाहीत, आपल्या विषयाबाहेरचा प्रश्न आला तर तसं सांगायचं, आणि मत बदललं तर विनाविलंब कळवायचं. २०११ मध्ये जोन्स विरुद्ध केनी प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाला स्वतःच्याच पक्षकाराच्या दाव्यापासून असलेलं संरक्षणही काढून घेतलं. त्या प्रकरणात तज्ज्ञाने आपलं खरं मत न मांडणाऱ्या संयुक्त निवेदनावर सही केल्याचा आरोप होता. सही करण्याआधी आठवावा असा हा निकाल.

अहवाल लिहिताना दोन शक्यता मोकळ्या ठेवा: लवादाने मुदतवाढ ९० दिवसांची मान्य केली तर रक्कम इतकी, ६० दिवसांची केली तर इतकी. दिवस किती, हे ठरवणं तुमचं काम नाही. तुम्ही एकच आकडा दिलात आणि दिवस बदलले, तर लवादाला स्वतः गणित करावं लागतं. तसं करणं त्याला आवडत नाही.

मग दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची बैठक. बहुतेक ठिकाणी वकील तिथे नसतात आणि बोललेलं सुनावणीत वापरता येत नाही. 'आकडा आकडा म्हणून मान्य' हे इथलं कामाचं सूत्र: जबाबदारी कोणाची यावर वाद राहू द्या, पण जबाबदारी ठरली तर रक्कम इतकी, यावर सही करा. समोरचा तज्ज्ञ बरोबर असेल तिथे मान्य करा. त्याच्याशी पुढच्या पंधरा वर्षांत आणखी चारदा गाठ पडेल, हे क्षेत्र एवढंच आहे.

उलटतपासणीसाठी एवढंच: प्रश्न वकील विचारतो, उत्तर लवादाकडे बघून द्यायचं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. चूक दाखवली तर तिथेच मान्य करून तिचा रकमेवर परिणाम किती, तेही सांगायचं. कधीकधी दोन्ही तज्ज्ञांना एकत्र बसवून प्रश्न विचारतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही.

फीविषयी: ताशी किंवा ठरलेली. जिंकलेल्या रकमेचा वाटा कधीही घेऊ नका. दावा तयार करणाऱ्या सल्लागाराचं गणित वेगळं असू शकतं, पण साक्षीदाराने निकालावर फी ठरवली की त्याच्या स्वतंत्रपणावर कोण विश्वास ठेवील? त्याच कारणाने ज्या प्रकरणात दावा तयार केलात त्यात तज्ज्ञ म्हणून बसू नका.

सातवी पायरी: निर्णयाच्या खुर्चीत

इंग्लंडमध्ये सर मायकल लेथम यांचा अहवाल १९९४ मध्ये आला, त्यातून १९९६ चा कायदा झाला आणि १९९८ पासून बांधकाम करारात अ‍ॅडज्युडिकेशनचा हक्क मिळाला. निर्णय २८ दिवसांत. तोवर ठेकेदाराचे पैसे अडकवून त्याला दमवणं सोपं होतं. आता आधी पैसे द्या, भांडा नंतर. न्यू साउथ वेल्समध्ये १९९९, सिंगापूरमध्ये २००४, मलेशियात २०१२ असे कायदे झाले. २८ दिवसांत निर्णय द्यायचा तर समोर आलेलं अंतिम बिल वाचता येणारा माणूस लागतो. म्हणून या खुर्चीत वकिलांच्या जोडीला क्यूएस बरेच दिसतात.

फिडिकच्या १९९९ च्या करारात तंटा मंडळ ८४ दिवसांत निर्णय देतं. तो मान्य नसेल तर २८ दिवसांत तसं कळवायचं, आणि मग लवाद. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून अधिक देशांत अंमलात आणता येतो. त्यामुळे सीमेपलीकडच्या कामांत न्यायालयापेक्षा लवादाला पसंती मिळते.

क्यूएस लवाद झाला की त्याला एक खास धोका असतो. समोर दोघांचे दर आहेत, एक ८२०, दुसरा ५६०. आपल्याला अनुभवाने वाटतं की ६७५ हवा. पण पक्षकारांपुढे तो न मांडता निवाड्यात घातला तर निवाडा रद्द होऊ शकतो. १९८१ च्या फॉक्स विरुद्ध वेलफेअर प्रकरणात असंच घडलं. एक बाजू हजर नव्हती, जाणकार लवादाने स्वतःच्या ज्ञानावर भरपाई कमी केली, आणि अपील न्यायालयाने निवाडा राहू दिला नाही. आपलं ज्ञान वापरायचंच असेल तर सुनावणीत उघड सांगा: "मला हा दर असा दिसतो, यावर दोघांचं म्हणणं काय?" मग ऐका.

पहिल्या सहा महिन्यांत काय कराल

ज्या कामाचं अंतिम बिल तुम्ही स्वतः केलं आहे ते काढा. नोकरीतल्या गुप्ततेला धक्का लागणार नाही अशा बेताने, नावं गाळून. त्यातल्या वादाच्या पाच बाबी निवडा आणि दावा लिहा, प्रत्येकी दोन पानं, मुळाच्या संदर्भांसह. महिनाभर बाजूला ठेवा. मग समोरच्याच्या बाजूने त्यालाच उत्तर लिहा, तितक्याच जीव तोडून. शेवटी तिसऱ्या कागदावर लवाद म्हणून पाच ओळी: कोणाला किती आणि का.

पहिल्या खेपेला पाचही बाबींत आपलाच मूळ दावा जिंकला, तर उत्तर पुन्हा लिहायला घ्या. दुसऱ्या कागदावर तुम्ही हात आखडता घेतलेला असतो.